नोंद एकाच्या नावावर, चूक दुसऱ्याची: पूरक सॉफ्टवेअर आणि लॉगमधील अनाकलनीय संदेश

संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घडलेल्या घटनांची वेळेसह केलेली नोंद, जिला सर्रास लॉग म्हटले जाते, ही बिघाडाचा शोध घेणाऱ्याच्या हाती येणारी पहिली आणि पुष्कळदा एकमेव साक्ष असते. ही साक्ष खोटी नसते. मात्र मूळ प्रणालीवर मागाहून बसवलेल्या सॉफ्टवेअरचा, म्हणजे प्लगिन, ड्रायव्हर, अँटिव्हायरस, ब्राउझरचे एक्स्टेन्शन, टंकलेखनाचे साधन अशा पूरक सॉफ्टवेअरचा जेथे संबंध येतो, तेथे ती अपुरी पडते आणि घाईने वाचणाऱ्याची दिशाभूल करते. लॉगमधील प्रत्येक नोंदीवर जे नाव असते ते तक्रार करणाऱ्या घटकाचे असते. तक्रारीला कारण झालेला घटक तोच असेल असे नाही. पूरक सॉफ्टवेअर बहुधा दुसऱ्याच्या प्रक्रियेत शिरून, दुसऱ्याच्या अधिकाराने आणि दुसऱ्याच्या नावाखाली काम करते, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि जमीन कसणारा दुसराच, अशी स्थिती लॉगमध्ये पदोपदी आढळते. अशा संदेशांचा उलगडा करण्याच्या ज्या पद्धती गेल्या काही दशकांत रूढ झाल्या, त्यांतील टिकाऊ पद्धती नोंदीवरील नावापासून खऱ्या कारणापर्यंतचे दुवे एकेक करून जोडत जातात, आणि फसलेल्या पद्धती त्या नावापाशीच थांबतात.

लॉगची आजची घडण कशी झाली हे पाहिल्यास या अडचणीचे मूळ ध्यानात येते. एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात सेंडमेल या ई-मेल वाहून नेणाऱ्या प्रोग्रामसाठी सिसलॉग ही नोंदपद्धती तयार केली आणि पुढे युनिक्स जगतातील बहुतेक प्रोग्रामनी ती उचलली. २००१ मध्ये आरएफसी ३१६४ या दस्तऐवजात तिच्या रूढ स्वरूपाचे वर्णन झाले आणि २००९ च्या आरएफसी ५४२४ ने तिला मानकाचे रूप दिले. या पद्धतीत प्रत्येक संदेशाला ० ते ७ यांपैकी एक तीव्रता-क्रमांक असतो. ० म्हणजे प्रणाली वापरण्याजोगी उरलेली नाही आणि ७ म्हणजे केवळ प्रोग्रामरच्या उपयोगाचा तपशील. विंडोजमध्ये १९९३ च्या एनटी आवृत्तीपासून इव्हेंट लॉग आला, लिनक्समध्ये २०११ नंतर सिस्टमडीचे जर्नल रुळले, तर ॲपलने २०१६ च्या सिएरा आवृत्तीत सर्व नोंदी एकाच यंत्रणेखाली आणल्या. या साऱ्या यंत्रणांत एक गोष्ट समान राहिली: संदेशाचा मजकूर आणि तीव्रता ही दोन्ही तो संदेश पाठवणाऱ्या प्रोग्रामच्या लेखकाने ठरवलेली असतात आणि ती योग्य आहेत की नाहीत हे तपासणारा कोणीही मध्ये नसतो. एखाद्या प्रिंटरच्या पूरक सेवेने शाई कमी असल्याचा निरोप ‘त्रुटी’ म्हणून पाठवला तर प्रणाली तो निमूटपणे लाल चिन्हासह दाखवते.

पूरक सॉफ्टवेअरचे वास्तव्य कोठे आहे यावर त्याच्या संदेशांचे स्वरूप अवलंबून असते. काही सॉफ्टवेअर स्वतंत्र पार्श्वसेवा म्हणून चालते, काही यजमान प्रोग्रामच्या स्मृतीत लायब्ररी म्हणून उतरते, तर काही थेट कर्नलमध्ये, म्हणजे यंत्रसामग्री आणि प्रोग्राम यांच्यामधील सर्वाधिकारी गाभ्यात, जाऊन बसते. यांपैकी दुसऱ्या प्रकाराने जेवढा गोंधळ माजवला तेवढा क्वचितच अन्य कोणी माजवला असेल, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मॅकच्या इतिहासात सापडते.

ॲपलस्क्रिप्ट या भाषेला नव्या आज्ञा शिकवण्यासाठी ‘स्क्रिप्टिंग ॲडिशन’ नावाच्या छोट्या पुरवण्या बसवण्याची सोय होती, आणि अडोबीच्या क्रिएटिव्ह सूटबरोबर ‘अडोबी युनिट टाइप्स’ नावाची अशी एक पुरवणी सामाईक लायब्ररी फोल्डरात येत असे. ॲपलस्क्रिप्टशी संबंध येणारा प्रत्येक प्रोग्राम ही पुरवणी आपल्या स्मृतीत चढवण्याचा प्रयत्न करी. ऑगस्ट २००९ मध्ये मॅक ओएस एक्सची स्नो लेपर्ड ही आवृत्ती आली आणि तिच्यातील फाइंडरसह बहुतेक प्रोग्राम ६४-बिट झाले. ६४-बिट प्रक्रियेत ३२-बिट लायब्ररी चढवता येत नाही, त्यामुळे जुनी पुरवणी दर वेळी नाकारली जाऊ लागली आणि लॉगमध्ये दोन ओळींची जोडी उमटू लागली. पहिल्या ओळीत योग्य प्रतिमा सापडली नाही, जी सापडली तिच्यात जुळणारी संरचना नाही, असा मजकूर असे. दुसऱ्या ओळीत या पुरवणीत चढवण्याजोगी एकही आज्ञा नाही, अशी तक्रार असे. ओळीच्या प्रारंभी नाव मात्र कधी फाइंडरचे, कधी ॲपलस्क्रिप्ट चालवणाऱ्या आज्ञेचे, तर कधी तिसऱ्याच एखाद्या निरपराध प्रोग्रामचे येई. ‘प्रतिमा’ या शब्दावरून चित्राची फाइल बिघडली असावी असा समज होणे स्वाभाविक होते, वास्तविक येथे प्रतिमा म्हणजे स्मृतीत चढवायची प्रोग्रामची फाइल. ओळीच्या मध्यभागी छापलेला फाइलचा पूर्ण मार्ग वाचला की सगळा उलगडा होई, कारण त्या मार्गात पुरवणीचे नाव स्पष्ट असे. उपायही साधा होता, तो म्हणजे ६४-बिट पुरवणी बसवणे किंवा तिचा वापर नसल्यास ती फोल्डरातून काढून टाकणे. २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने बाहेरच्या पुरवण्यांना थाराच दिला नाही. हे प्रकरण किरकोळ असले तरी त्यातून मिळणारा धडा सर्वत्र लागू पडतो: संदेश डावीकडून वाचू नये, आधी त्यातील फाइलचा मार्ग शोधावा.

सॉफ्टवेअर काढून टाकल्यानंतर मागे उरलेल्या अवशेषांतून निर्माण होणारे संदेश हा या विषयाचा दुसरा मोठा भाग आहे आणि त्याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. २००५ च्या टायगर आवृत्तीपासून मॅकवरील सर्व पार्श्वसेवा सुरू करण्याचे काम लाँचडी ही पहिली प्रक्रिया करते आणि कोणती सेवा कधी सुरू करायची याच्या सूचना छोट्या फाइलींत ठेवलेल्या असतात. वापरकर्त्याने मुख्य प्रोग्राम उचलून कचऱ्याच्या टोपलीत टाकला की सूचनेची फाइल तशीच राहते, ‘ही सेवा सतत चालू ठेवा’ असा तिच्यातील आदेशही कायम राहतो, आणि लाँचडी इमानेइतबारे अस्तित्वात नसलेला प्रोग्राम सुरू करू पाहते. अपयश आल्यावर पुढचा प्रयत्न १० सेकंदांनी केला जाईल अशी ओळ लॉगमध्ये पडते. मिनिटाला ६ म्हणजे दिवसाला ८,६४० वेळा हा खेळ चालू शकतो आणि प्रत्येक नोंदीवर नाव लाँचडीचे, म्हणजे प्रणालीच्या सर्वांत मूलभूत घटकाचे असते. प्रक्रियेचा क्रमांक दर वेळी वाढत जातो, सेवेचे नाव मात्र तेच राहते. कंसातील ते नाव हाच येथे खरा धागा होय.

विंडोजमधील अवशेषांची कथा वेगळ्या रचनेतून घडते. इव्हेंट लॉगमध्ये संदेशाचे पूर्ण वाक्य साठवलेले नसते. तेथे केवळ स्रोताचे नाव, घटनेचा क्रमांक आणि वाक्यात भरायचे शब्द असतात, तर वाक्याचा साचा त्या सॉफ्टवेअरच्या डीएलएल फाइलमध्ये असतो आणि ती फाइल कोठे आहे हे रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, लिहिलेले असते. नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर हा प्रोग्राम नोंद उघडताना या दोहोंची सांगड घालतो. जागेची बचत आणि वापरकर्त्याच्या भाषेत संदेश दाखवण्याची सोय हे या रचनेचे फायदे खरे, पण पूरक सॉफ्टवेअर काढले की साचाही जातो आणि जुन्या नोंदींच्या जागी ‘या स्रोतातील या क्रमांकाच्या घटनेचे वर्णन सापडत नाही’ एवढाच मजकूर उरतो. दुसऱ्या संगणकावरून आणलेला लॉग उघडला तरीही हेच दिसते. येथे संगणकात बिघाड नसतो, केवळ साच्याची फाइल हरवलेली असते. वर्णनाखाली जे सुटे शब्द छापलेले असतात त्यांत बहुधा फाइलचा मार्ग किंवा त्रुटी-क्रमांक मिळतो आणि शोधासाठी तेवढा पुरतो.

असे संदेश निरुपद्रवी असल्याने दुर्लक्षित करावेत, हा सल्ला तंत्रज्ञ मंडळींत इतका रुळला आहे की त्याची चिकित्सा करणे आवश्यक ठरते. विंडोजच्या सिस्टिम लॉगची मूळ मर्यादा सुमारे २० एमबी असते आणि ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात. एखादी अनाथ सेवा दर काही सेकंदांनी तक्रार करत राहिली तर डिस्क निकामी होऊ लागल्याची महत्त्वाची पूर्वसूचना काही दिवसांतच पुसली जाऊ शकते. सिस्टमडीच्या जर्नलमध्ये अतिबडबड्या सेवेचे संदेश ठरावीक गतीनंतर दाबले जातात आणि किती दाबले त्याची एक ओळ तेवढी राहते, पण दाबलेल्या संदेशांत कामाचे काय होते हे मग कळत नाही. म्हणून संदेश स्वतः निरुपद्रवी असला तरी त्याची वारंवारता उपद्रवी असू शकते, आणि ‘दुर्लक्ष करा’ हा सल्ला तिची मोजदाद केल्यावाचून देणे योग्य नाही.

कर्नलमध्ये शिरणाऱ्या पूरक सॉफ्टवेअरबाबत मात्र दुर्लक्षाचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे एका ड्रायव्हरने चुकीच्या स्मृतिस्थानाला हात लावला तर संपूर्ण संगणक कोलमडतो. विंडोजच्या निळ्या पडद्यांच्या कारणांचे विश्लेषण मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केले आहे आणि त्यानुसार सुमारे ७० टक्के प्रसंगी बाहेरच्या कंपन्यांच्या ड्रायव्हरमधील कोड कारणीभूत आढळला, सुमारे १० टक्के प्रसंगी यंत्रसामग्री, ५ टक्के प्रसंगी मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कोड, तर उरलेल्या सुमारे १५ टक्के प्रसंगी स्मृती इतकी बिघडलेली होती की कारण ठरवताच आले नाही. या आकड्यांतील शेवटचा भाग विशेष विचारात घेण्यासारखा आहे. एका घटकाने दुसऱ्याची स्मृती बिघडवली तर कोलमडतो तो दुसरा, आणि तोही पुष्कळदा बऱ्याच वेळानंतर. साध्या प्रोग्रामच्या बाबतीतही हेच घडते: विंडोजच्या क्रमांक १०००च्या नोंदीत ‘दोषी मॉड्यूल’ म्हणून एनटीडीएलएल या विंडोजच्या स्वतःच्या लायब्ररीचे नाव वारंवार येते, कारण स्मृतीच्या साठ्याची तपासणी तेथे होते आणि आधी कोणीतरी केलेली नासधूस तेथेच उघडकीस येते.

लिनक्सच्या कर्नलकारांनी या प्रश्नावर काढलेला तोडगा प्रामाणिक आणि अनुकरणीय म्हणावा लागेल. बाहेरचे मॉड्यूल चढवले गेले की कर्नल स्वतःवर ‘डागाळलेला’ असल्याचा शिक्का मारतो आणि तसे लॉगमध्ये लिहितो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा संदेश संगणक दूषित झाल्याची धोक्याची घंटा वाटतो, प्रत्यक्षात तो केवळ एक जबाबदारीची नोंद असतो: यापुढे काही बिघडल्यास त्यात कर्नलबाहेरच्या कोडचाही वाटा असू शकतो, हे सांगणारी. या शिक्क्यांचे एकत्रित मूल्य एका संख्येत वाचता येते. ती संख्या १२२८९ असेल तर तिची फोड १, ४०९६ आणि ८१९२ अशी होते. १ म्हणजे मालकी हक्काचे, खुल्या परवान्याबाहेरचे मॉड्यूल, ४०९६ म्हणजे कर्नलच्या मूळ स्रोत-कोडच्या बाहेर बांधलेले आणि ८१९२ म्हणजे स्वाक्षरी नसलेले. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा मालकी ड्रायव्हर किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे मॉड्यूल बसवलेल्या असंख्य संगणकांवर असे शिक्के दिसतात आणि ते संगणक वर्षानुवर्षे सुरळीत चालतात. मॉड्यूल उतरवले तरी शिक्का पुन्हा सुरू करेपर्यंत पुसला जात नाही, कारण ते मॉड्यूल जाण्यापूर्वी काय करून गेले हे कोणालाच ठाऊक नसते.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरमुळे जगभर जे घडले, त्यात नोंदीवरील नाव बरोबर होते आणि तरीही ते पुरेसे नव्हते. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक अद्ययावत फाइल पाठवली गेली आणि ७८ मिनिटांनी ती मागे घेतली गेली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यात अडकले होते. भारतातही विमान कंपन्यांच्या प्रणाली ठप्प होऊन प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. रिझर्व्ह बँकेने १० बँका व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ अडथळे आल्याचे सांगितले. कोलमडलेल्या संगणकांच्या नोंदीत सीएसएजंट या ड्रायव्हरचे नाव होते, परंतु त्या दिवशी हा ड्रायव्हर बदललेला नव्हता. बदलली होती ती २९१ क्रमांकाची माहिती-फाइल, जिच्या नावाच्या शेवटी ड्रायव्हरसारखेच ‘सिस’ असले तरी ती ड्रायव्हर नव्हती. तिच्यासाठी २१ मूल्यांची अपेक्षा धरली गेली होती आणि ड्रायव्हरकडून पुरवली जात होती २०, त्यामुळे एकविसावे मूल्य वाचताना ड्रायव्हर हद्दीबाहेरच्या स्मृतीत गेला. ‘अलीकडे कोणते सॉफ्टवेअर बसवले’ हा तपासातील नेहमीचा प्रश्न येथे निरुत्तर ठरतो, कारण कोणीही काहीही बसवलेले नव्हते. पूरक सॉफ्टवेअर आता पार्श्वभूमीवर स्वतःची माहिती दिवसातून अनेकदा बदलत असते, आणि म्हणून तपासणाऱ्याने आवृत्तीच्या क्रमांकाबरोबर माहिती-फाइलींच्या तारखाही पाहिल्या पाहिजेत.

वेबच्या क्षेत्रात हीच समस्या सौम्य रूपात पण फार मोठ्या प्रमाणावर आढळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्डप्रेसची ६.७ ही आवृत्ती आल्यानंतर अनेक संकेतस्थळांच्या लॉगमध्ये भाषांतर फार लवकर चढवले गेल्याची सूचना पडू लागली. ओळीच्या शेवटी वर्डप्रेसच्या स्वतःच्या गाभ्यातील फाइलचे नाव असल्यामुळे गाभाच बिघडला असे पुष्कळांना वाटले. प्रत्यक्षात ती फाइल केवळ सूचना छापणारी होती आणि ज्या प्लगिनने अथवा थीमने प्रणाली तयार होण्याआधीच भाषांतर मागवले त्याची ओळख ओळीच्या मध्यावरील एका शब्दात, म्हणजे भाषांतराच्या क्षेत्र-नावात होती. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेले आहे त्या पीएचपीच्या डिसेंबर २०२२ मधील ८.२ आवृत्तीने घोषित न केलेले गुणधर्म वापरण्याची सवय कालबाह्य ठरवली तेव्हाही जुन्या प्लगिनांनी लॉग भरून गेले, पण त्या ओळींत प्लगिनच्या फोल्डरचा मार्ग असल्याने तेथे शोध सोपा होता. ब्राउझरमध्ये तर एक्स्टेन्शनने पाठवलेल्या निरोपाला उत्तर मिळाले नाही की त्याची तक्रार पाहत असलेल्या पानाच्या कन्सोलमध्ये दिसते, आणि त्या पानाचा प्रोग्रामर आपल्या कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतो. एक्स्टेन्शने सहसा बंद असणाऱ्या खासगी खिडकीत तेच पान उघडून पाहणे ही येथील सर्वांत स्वस्त कसोटी आहे.

मराठी वापरकर्त्यांच्या संगणकांवर उमटणारा एक संदेश स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी प्रणालीचे मूळ कोडपान म्हणून निवडता येईल असे जुन्या पद्धतीचे, म्हणजे युनिकोडपूर्व कोडपान कधीच नव्हते. मराठी ही प्रारंभापासून केवळ युनिकोडवर चालणारी भाषा राहिली. त्यामुळे युनिकोड न जाणणारे एखादे जुने पूरक साधन, मग ते पीडीएफ करणारे असो, बॅकअप घेणारे असो किंवा स्कॅनरबरोबर आलेले असो, ‘जमाखर्च’ अशा नावाच्या फाइलशी गाठ पडल्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते आणि ते प्रश्नचिन्हांचे नाव विंडोजकडे पाठवते. प्रश्नचिन्ह हे फाइलच्या नावात निषिद्ध असल्याने विंडोज १२३ हा त्रुटी-क्रमांक परत करते, ज्याचा अर्थ नावाची मांडणी चुकीची आहे असा होतो. लॉगमध्ये मग प्रश्नचिन्हांची माळ आणि अवैध नावाची तक्रार एवढेच राहते, आणि फाइल बिघडली, डिस्क बिघडली, व्हायरस आला, असे तर्क सुरू होतात. ‘फाइलींना मराठी नावे देऊ नका’ हा यावर हमखास मिळणारा सल्ला दोष वापरकर्त्याच्या भाषेवर ढकलतो आणि तो स्वीकारण्याचे काहीही कारण नाही. युनिकोड न जाणणारे साधन बदलणे हाच येथे न्याय्य उपाय होय.

संदेशांविषयीच्या अज्ञानाचा गैरफायदा घेणारेही आहेत, आणि त्यामुळे हा विषय तंत्रज्ञांपुरता राहत नाही. पूर्णपणे निरोगी विंडोज संगणकाच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही लाल आणि पिवळ्या चिन्हांच्या शेकडो नोंदी सापडतात. १००१६ क्रमांकाची परवानगीविषयक नोंद तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या घटकांमुळे येते आणि ती रचनेचाच भाग असल्याने तिच्याकडे दुर्लक्ष करता येते, असे त्या कंपनीनेच लिहून ठेवले आहे. दूरध्वनी करून स्वतःला तंत्रसाहाय्यक म्हणवणारे ठग घरातील माणसाला इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावत, तीच चिन्हे दाखवून त्याला घाबरवत आणि ‘दुरुस्ती’चे पैसे उकळत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१२ मध्ये अशा टोळ्यांविरुद्ध कारवाई केली. रंगावरून निष्कर्ष काढू नये ही सूचना म्हणूनच शाळा-महाविद्यालयांतील संगणकाच्या पाठांत असायला हवी.

प्रत्यक्ष तपासाच्या पद्धतींत वेळेची जुळणी सर्वांत फलदायी ठरते. विंडोजच्या फाइलीत वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते आणि दाखवताना स्थानिक केली जाते, सर्व्हरचे लॉग मात्र अनेकदा जागतिक वेळेतच असतात; त्यामुळे भारतात मध्यरात्री चालणाऱ्या अद्ययावत सेवेची तक्रार तेथे आदल्या दिवशीच्या १८:३० ला दिसते. साडेपाच तासांचा हा फरक विसरल्याने चुकीच्या घटनेशी गाठ बांधली जाते. संदेश ठरावीक अंतराने येत असल्यास नियोजित कामांची यादी पाहावी, संगणक सुरू होताना येत असल्यास सेवा आणि ड्रायव्हर, तर विशिष्ट कृतीनंतरच येत असल्यास त्या कृतीत सामील होणारे प्लगिन.

वेळेनंतर प्रश्न येतो ओळखीचा. सिस्टमडीच्या जर्नलमध्ये काही रकाने संदेश पाठवणारा प्रोग्राम स्वतः भरतो, तर ज्यांच्या नावाआधी अधोरेषा असते ते रकाने, उदाहरणार्थ प्रक्रियेचा क्रमांक, तिची फाइल आणि ती ज्या सेवेखाली चालते तिचे नाव, जर्नल स्वतः पडताळून लिहिते. पाठवणाऱ्याला ते बदलता येत नाहीत. पहिल्या प्रकारचे नाव आणि दुसऱ्या प्रकारची फाइल यांत विसंगती आढळली तर तपास तेथूनच सुरू करावा. विंडोजवर हे काम मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉगस्वेल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलेल्या सिसइंटर्नल्सच्या साधनांनी सुकर केले. ऑटोरन्स हे साधन आपोआप सुरू होणाऱ्या सर्व गोष्टी एका यादीत आणते आणि मायक्रोसॉफ्टची स्वाक्षरी असलेल्या नोंदी झाकण्याची सोय देते, त्यामुळे पूरक सॉफ्टवेअर तेवढे उरते. प्रोसेस मॉनिटर हे साधन कोणत्या प्रक्रियेने कोणती फाइल कोणत्या क्षणी मागितली आणि ती मागणी कोणत्या लायब्ररीतून आली, हे दाखवते.

संशयितांची संख्या मोठी असेल तेव्हा अर्धे पूरक सॉफ्टवेअर बंद करून पाहणे, संदेश टिकला तर उरलेल्या अर्ध्यांत आणि थांबला तर बंद केलेल्यांत शोध घेणे, ही पद्धत ६४ प्लगिनांतून ६ टप्प्यांत एकापर्यंत पोहोचवते. सेफ मोड हे तिचेच टोकाचे रूप. मात्र दोन पूरक सॉफ्टवेअरांच्या संयोगातून उद्भवणाऱ्या संदेशांपुढे ती निष्प्रभ ठरते, कारण दोघे वेगवेगळ्या अर्ध्यांत गेले की संदेश दोन्हीकडे नाहीसा होतो. शिवाय बंद करणे आणि पुसून टाकणे यांत मोठे अंतर आहे. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी रुसिनोविच यांनी सोनी बीएमजीच्या संगीत सीडीतून गुपचूप बसणारे नक्कलरोधक सॉफ्टवेअर उघडकीस आणले, ते या दृष्टीने दोनदा बोधप्रद आहे. ते सॉफ्टवेअर ठरावीक अक्षरांनी सुरू होणाऱ्या सर्व फाइली आणि प्रक्रिया लपवत असे, त्यामुळे ते सापडले ते कोणत्याही तक्रारीच्या संदेशामुळे नाही. विंडोज सांगते त्या फाइली आणि डिस्कवर थेट वाचलेल्या फाइली यांची तुलना करणाऱ्या साधनाला त्यांत तफावत दिसली. आणि त्याच्या फाइली हाताने पुसल्यावर सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला, कारण ड्राइव्हच्या साखळीत त्या ड्रायव्हरचे नाव रजिस्ट्रीत तसेच राहिले होते. लॉगची शांतता ही निर्दोषत्वाची खूण मानता येत नाही, आणि फाइल पुसण्याआधी तिची नोंद काढावी लागते.

या साऱ्या अनुभवातून प्रणाली बनवणाऱ्यांनी पूरक सॉफ्टवेअरची दारे हळूहळू बंद करत आणली. ६४-बिट विंडोजमध्ये २००५ पासून कर्नलमध्ये फेरफार करण्याला अटकाव झाला; ॲपलने २०१९ पासून कर्नलमधील पुरवण्यांऐवजी बाहेर चालणाऱ्या पुरवण्यांचा आग्रह धरला. गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले की विंडोजवरील क्रोमच्या सुमारे दोन-तृतीयांश वापरकर्त्यांकडे क्रोमशी संबंध ठेवणारे अन्य सॉफ्टवेअर असते आणि क्रोममध्ये कोड घुसवणारे सॉफ्टवेअर असलेल्यांचे क्रोम कोलमडण्याचे प्रमाण १५ टक्क्यांनी अधिक असते. त्यानंतर टप्प्याटप्प्याने अशा घुसखोरीस बंदी झाली. क्राउडस्ट्राइकच्या प्रकरणानंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा सॉफ्टवेअरला कर्नलबाहेर काम करता यावे अशी व्यवस्था उभारण्याचे जाहीर केले. या बदलांवर मक्तेदारी वाढवण्याचा आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही, परंतु बिघाड शोधणाऱ्याच्या बाजूने पाहता त्यांचा एक निर्विवाद लाभ आहे: पूरक सॉफ्टवेअर स्वतंत्र प्रक्रियेत गेले की त्याची चूक त्याच्याच नावावर नोंदली जाते.

भारतात सर्ट-इन या सायबरसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी कंपन्या, सेवापुरवठादार आणि सरकारी संस्थांना आपल्या प्रणालींचे लॉग मागील १८० दिवसांचे जपून ठेवणे आणि संगणकांची घड्याळे ठरवून दिलेल्या राष्ट्रीय वेळेच्या स्रोतांशी जुळवणे बंधनकारक केले आहे. दुसरी अट पहिलीइतकीच मोलाची आहे, कारण वेळ न जुळणाऱ्या दोन लॉगांतून कारणाची साखळी जोडता येत नाही. पण १८० दिवसांच्या साठ्यात अनाथ सेवांच्या दहा-दहा सेकंदांच्या तक्रारीही मावतात, आणि घटनेनंतर तो साठा चाळणाऱ्याला त्या सर्व ओलांडून जावे लागते. म्हणून सॉफ्टवेअर खरेदीच्या करारातच काही गोष्टी मागून घेणे शहाणपणाचे आहे: प्रत्येक संदेशात उत्पादनाचे नाव, आवृत्ती आणि माहिती-फाइलची तारीख असावी, तीव्रता-क्रमांक कोणत्या निकषांवर दिला ते लिहून मिळावे, देवनागरी फाइलनावांवर चाचणी झालेली असावी, आणि सॉफ्टवेअर काढल्यावर त्याच्या सेवा, नियोजित कामे व ड्रायव्हरच्या नोंदी यांपैकी काहीही मागे राहत नाही हे स्वच्छ संगणकावर बसवून, काढून आणि त्यानंतरचा लॉग तपासून दाखवावे.